रोलर हॉकी स्केट

रोलर हॉकी स्केट म्हणजे चाकांवर खेळल्या जाणाऱ्या हॉकीसाठी बनवलेले चाकांचे बूट होत. 'रोलर हॉकी' या एकाच नावाखाली दोन स्वतंत्र खेळ ओळखले जातात. दोन जोड्यांत मांडलेल्या चार चाकांच्या 'क्वाड' स्केटवर चेंडूने खेळली जाते ती रिंक हॉकी आणि एका रेषेत बसवलेल्या चाकांच्या 'इनलाइन' स्केटवर पकने, म्हणजे चपट्या चकतीने, खेळली जाते ती इनलाइन हॉकी. या दोन खेळांचे नियम, स्टिक, मैदानावरील हालचाली आणि स्केट भिन्न आहेत. स्पर्धेसाठी स्केट निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न खेळाच्या प्रकाराचा असतो. पायाचे माप, खेळण्याची जमीन, चाकांचा कठीणपणा आणि शेवटी किंमत हे विचार त्यानंतर येतात. भारतात, विशेषतः ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांत, हा क्रम बहुधा उलटा होतो. दुकानात उपलब्ध असलेला स्केट आधी घेतला जातो आणि खेळाचा प्रकार नंतर ठरतो.

दोन खेळ, दोन स्केट

रिंक हॉकीत प्रत्येक संघाचे चार क्षेत्रखेळाडू आणि एक गोलरक्षक असे पाच जण एका वेळी मैदानात असतात. प्रमाणित रिंक ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते, तिच्याभोवती एक मीटर उंचीचा कठडा असतो आणि कोपरे गोलाकार असतात. चेंडूचे वजन १५५ ग्रॅम आणि परीघ २३ सेंटिमीटर असतो. एवढ्या मर्यादित जागेत खेळाडूला सरळ धावण्यापेक्षा वळणे, थांबणे, मागे सरकणे आणि पुन्हा वेग घेणे हेच सतत करावे लागते. क्वाड स्केटची रचना याच गरजेतून घडली आहे. चाकांच्या दोन जोड्यांमुळे उभे राहण्यास रुंद पाया मिळतो, पुढच्या टोकावरील रबरी टो-स्टॉपवर भार देऊन एकदम झेप घेता येते आणि चारही चाके आडवी घसरवून थांबता येते.

इनलाइन हॉकीतही एका वेळी चार खेळाडू आणि एक गोलरक्षक खेळतात. तिचे सगळे संस्कार मात्र बर्फावरील हॉकीचे आहेत. तिच्यातील स्केटचा बूट आइस हॉकीच्या बुटासारखाच उंच आणि ताठ असतो. फरक एवढाच की खाली पात्याऐवजी चार चाकांची चौकट असते. काही खेळाडू तर आइस हॉकीच्या बुटालाच इनलाइन चौकट बसवून घेतात. या स्केटला टो-स्टॉप नसतो आणि हौशी इनलाइन स्केटला असणारा टाचेचा ब्रेकही नसतो. थांबणे आणि वळणे सर्वस्वी चाकांच्या कडांवर अवलंबून असते.

येथे तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे, कारण भारतात गोंधळ मुख्यतः त्यामुळे होतो. भारतीय स्केटिंगपटूंची अलीकडची मोठी यशे वेगाच्या स्केटिंगमधील आहेत. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला संघांनी ३,००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली आणि २०२५ साली आनंदकुमार वेलकुमार याने चीनमधील जागतिक स्पर्धेत १,००० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. त्यामुळे 'व्यावसायिक स्केट' म्हटले की ११० मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या चाकांचा, लांब चौकटीचा आणि घोट्याखालीच संपणारा वेगाचा स्केट डोळ्यांपुढे येतो. तो सरळ वेगासाठी उत्तम असतो. हॉकीत मात्र त्याची लांब चौकट वळू देत नाही, उंच चाकांमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि उघडा घोटा स्टिकच्या व चेंडूच्या माऱ्यापुढे राहतो. उलट स्थानिक स्पर्धांत 'फॅन्सी इनलाइन' या नावाने ओळखला जाणारा, प्लॅस्टिकच्या कवचाचा आणि लांबी कमी-जास्त करता येणारा स्केट हा शिकाऊ मुलांसाठी असतो. त्यावर तोल सावरायला शिकता येते. हॉकीचा सामना खेळता येत नाही.

इतिहास

चाकांच्या स्केटचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग मूळचा बेल्जियममधील कारागीर जॉन जोसेफ मर्लिन याने १७६० च्या दशकात लंडनमध्ये केला. त्याच्या स्केटला वळण घेता येत नसे. ही अडचण १८६३ साली न्यू यॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन याने सोडवली. त्याने चाकांच्या दोन जोड्या लवचिक आधारावर बसवल्या. स्वार ज्या बाजूला झुके त्या बाजूला चाके आपोआप वळत. आजच्या क्वाड स्केटचा गाभा हाच आहे. १८८४ साली लेव्हंट रिचर्डसन याने पोलादी बॉल बेअरिंगच्या चाकांचे पेटंट घेतले आणि स्केट हलके पळू लागले. त्याच दशकात अमेरिकेत 'रोलर पोलो' नावाचा चेंडूचा खेळ लोकप्रिय होता. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास चाकांवरची हॉकी रुजत गेली.

१९२४ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९२६ साली इंग्लंडमधील हर्न बे येथे पहिली युरोपीय स्पर्धा आणि १९३६ साली श्टुटगार्ट येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोन्ही इंग्लंडने जिंकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर खेळाचे केंद्र पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि अर्जेंटिनाकडे सरकले, ते आजही तेथेच आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रिंक हॉकी प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवली गेली आणि अर्जेंटिनाने ती जिंकली. त्या वेळचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष हुआन अंतोनिओ सामारांच स्वतः तरुणपणी हा खेळ खेळले होते. तरीही खेळाला ऑलिंपिकमध्ये कायमचे स्थान मिळाले नाही. २०१७ पासून चाकांच्या सर्व खेळांचा कारभार 'वर्ल्ड स्केट' ही संघटना पाहते.

इनलाइन स्केटचा उगम हॉकीशीच जोडलेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ऑल्सन बंधूंना उन्हाळ्यात, बर्फ नसताना, आइस हॉकीचा सराव करायचा होता. त्यातून १९८० च्या सुमारास 'रोलरब्लेड' हा स्केट बाजारात आला. त्याआधी १९७० च्या दशकात पॉलीयुरेथेनची चाके प्रचारात आल्यामुळे लाकडी आणि धातूच्या चाकांचे युग संपले होते. चाकांचा कठीणपणा हवा तसा ठरवून घेणे शक्य झाले ते या पदार्थामुळे.

भारतात चाकांचे स्केटिंग ब्रिटिश काळात थंड हवेच्या ठिकाणी रुजले. मसुरी येथील लाकडी तळाची 'द रिंक' ही त्या काळची प्रसिद्ध वास्तू. रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया १९५५ साली स्थापन झाली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांच्या खेळांना प्रथम स्थान मिळाले, पण हॉकीचा त्यात समावेश झाला नाही. भारतीय रोलर हॉकी खेळाडूचे मुख्य व्यासपीठ त्यामुळे शालेय स्पर्धा, राज्य व राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आणि आशियाई व जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एवढेच राहिले आहे.

क्वाड स्केटची रचना

क्वाड स्केटचे बूट, प्लेट, ट्रक, चाके आणि टो-स्टॉप असे पाच भाग असतात. हॉकीचा बूट वेगाच्या स्केटपेक्षा उंच आणि कलात्मक स्केटिंगच्या बुटापेक्षा ठेंगणा असतो. पुढचे टोक कठीण टोपीने मजबूत केलेले असते, कारण चेंडू आणि स्टिक सर्वाधिक वेळा तेथेच आदळतात. घोट्याभोवती भरीव अस्तर असते, मात्र गुडघा पुढे वाकवता येईल इतपत बूट पुढच्या बाजूने लवचिक असावा लागतो. हॉकीपटू सगळा वेळ गुडघे दुमडून खेळतो. पुढे न वाकणारा बूट त्याला सरळ उभे राहायला लावतो आणि तोल मागे टाकतो.

बुटाखालची प्लेट नायलॉनची किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूची असते. नायलॉनची प्लेट हलकी, स्वस्त आणि किंचित लवणारी असते. लहान वजनाच्या खेळाडूला ती पुरते. वजन व जोर वाढला की ती प्रत्येक ढकलीबरोबर वाकते आणि त्यात शक्ती वाया जाते. अशा वेळी ॲल्युमिनियमची प्लेट आवश्यक ठरते. प्लेटची लांबी, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अक्षांमधले अंतर, हा बहुतेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटणारा मुद्दा आहे. अंतर कमी असेल तर स्केट चटकन वळतो पण वेगात डळमळतो. जास्त असेल तर स्थिर राहतो पण वळायला जड जातो. हॉकीत सहसा आखूडपणाकडे कल असतो.

प्लेटला खालून दोन ट्रक जोडलेले असतात. प्रत्येक ट्रकमध्ये किंगपिन नावाचा तिरपा खिळा आणि त्याभोवती रबरासारखी कुशन असतात. खेळाडू एका बाजूला झुकला की कुशन दाबले जातात, तिरप्या किंगपिनमुळे अक्ष त्या बाजूला फिरतो आणि स्केट वळतो. कुशन मऊ असतील तर थोड्या झुकण्याने मोठे वळण मिळते. वीस-पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या स्केटला मोठ्या माणसासाठीचे कडक कुशन असतील तर तो कितीही झुकला तरी स्केट वळत नाही आणि प्रशिक्षक मात्र त्याच्या तंत्राला दोष देत राहतो. कुशन बदलण्यास फार खर्च येत नाही. एवढ्या स्वल्प बदलाने खेळात इतका फरक पाडणारा दुसरा भाग स्केटमध्ये नाही.

चाके आणि जमीन

चाकाची दोन मापे महत्त्वाची असतात: व्यास आणि कठीणपणा. रिंक हॉकीच्या चाकांचा व्यास साधारण ५५ ते ६२ मिलिमीटर असतो. इनलाइन हॉकीत तो ७२ ते ८० मिलिमीटर असतो; काही चौकटींत पुढची दोन चाके ७६ आणि मागची दोन ८० मिलिमीटरची बसवून खेळाडूला किंचित पुढे झुकवलेले असते. मोठे चाक वेग टिकवते, लहान चाक लवकर वेग घेते.

कठीणपणा शोर ड्युरोमीटरच्या 'ए' मापपट्टीवर मोजतात. आकडा जितका मोठा तितके चाक कठीण. रिंक हॉकीसाठी गुळगुळीत बंदिस्त रिंकवर साधारण ८८ ए ते ९८ ए ची चाके वापरतात आणि उघड्यावरील खडबडीत जमिनीसाठी ७८ ए ते ८५ ए ची. इनलाइन हॉकीत हा हिशेब नेमका उलटा आहे. बंदिस्त मैदानावर ७४ ए ते ७६ ए ची मऊ चाके आणि उघड्यावर ८२ ए ते ८४ ए ची कठीण चाके वापरली जातात. एका खेळातला सल्ला दुसऱ्यात जसाच्या तसा लावल्यामुळे झालेल्या चुकीच्या खरेदीचे प्रमाण लक्षणीय असावे, म्हणून या उलटेपणाचे कारण पाहणे उचित ठरेल.

क्वाड स्केटची चाके रुंद असतात आणि एका पायाखाली चार ठिकाणी जमिनीला टेकतात. पकड मुळातच भरपूर असते. थांबण्यासाठी खेळाडूला ती पकड सोडवून चाके आडवी घसरवावी लागतात आणि त्यासाठी चाक कठीण हवे. मऊ चाक गुळगुळीत जमिनीला चिकटून राहते. आडवे थांबू पाहणारा खेळाडू त्यावर अडखळून पुढे कोसळतो. उघड्यावर मात्र जमीनच खडबडीत असल्याने प्रत्येक खडा पायापर्यंत जाणवतो, तेथे मऊ चाक धक्का शोषून घेते. इनलाइन स्केटचे चाक अरुंद असून तिरपे झाल्यावर केवळ कडेवर टेकते. बंदिस्त गुळगुळीत मैदानावर त्या कडेला पकड मिळावी म्हणून चाक मऊ ठेवतात. तेच मऊ चाक डांबरावर किंवा काँक्रीटवर खोडरबरासारखे झिजते आणि काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून उघड्यावर कठीण चाक वापरतात.

हे आकडे युरोप-अमेरिकेतील रिंक गृहीत धरून दिलेले असतात. महाराष्ट्रातील खेळाडूने त्यांचा अर्थ आपल्या जमिनीशी लावून घ्यायला हवा. घोटीव काँक्रीट किंवा मोझॅक यांचा पृष्ठभाग रिंकला जवळचा असतो. तेथे कठीण क्वाड चाके योग्य ठरतात. शहाबादी फरशी साध्यांमुळे आणि पेव्हर ब्लॉक फटींमुळे हॉकीसाठी त्रासदायक असतात. चकचकीत व्हिट्रीफाइड टाइल कोरडी असताना वेगवान असते; पावसाळ्यातील दमट हवेत तिच्यावर ओलसर थर धरला की ती धोकादायक होते आणि त्यावर चाकांची कोणतीही निवड हा उपाय नव्हे. तापमानाचाही परिणाम होतो. पॉलीयुरेथेन उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या काँक्रीटवर चाक छापील आकड्यापेक्षा मऊ असल्यासारखे वागते. जो खेळाडू घरच्या उघड्या जमिनीवर सराव करून बंदिस्त रिंकवरील सामन्याला जातो त्याच्याजवळ चाकांचे दोन संच असणे हा चैनीचा विषय राहत नाही. महागडा स्केट व एकच संच यापेक्षा मध्यम स्केट व दोन संच ही निवड बहुतेकांना अधिक उपयोगी पडेल.

बेअरिंग आणि वागळे इस्टेट

प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एका जोडीत सोळा बेअरिंग असतात. बहुतेक स्केटमध्ये '६०८' क्रमांकाचे बेअरिंग बसते. त्याचा आतील व्यास ८, बाहेरील व्यास २२ आणि जाडी ७ मिलिमीटर असते. युरोपीय बनावटीच्या अनेक क्वाड प्लेटचा अक्ष मात्र ७ मिलिमीटरचा असतो; इटलीच्या रोल-लाइन कंपनीच्या प्लेट याच मापाच्या आहेत. त्यांना '६२७' क्रमांकाचे बेअरिंग लागते, ज्याचे बाहेरील माप आणि जाडी ६०८ इतकीच असते. दोन्ही बेअरिंग चाकात सारखीच बसतात, पण ७ मिलिमीटरच्या अक्षावर ६०८ चढवले तर चाक डुगडुगते. बदली बेअरिंग घेण्यापूर्वी अक्षाची जाडी मोजणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

६०८ हे केवळ स्केटचे बेअरिंग नाही. लहान विद्युत मोटारी, ड्रिल यंत्रे आणि कितीतरी छोट्या यंत्रांत तेच वापरले जाते. ठाण्यातील वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची अगदी सुरुवातीची औद्योगिक वसाहत असून तिच्यात लहान अभियांत्रिकी उद्योगांची परंपरा आहे. कारखान्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती आणि आसपास निवासी मनोरे उभे राहत गेले, तरी यंत्रांचे सुटे भाग विकणारी दुकाने अशा वसाहतीच्या आसपास असतात. डोंबिवलीच्या औद्योगिक विभागालाही हे लागू आहे. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट ही तर बेअरिंग आणि हार्डवेअरची जुनी पेठच आहे. क्रीडासाहित्याच्या दुकानात वेष्टनात मिळणारे बेअरिंग आणि औद्योगिक दुकानात क्रमांक सांगून मिळणारे बेअरिंग मापाने एकच असते. क्रमांकापुढील अक्षरे मात्र पाहावी लागतात: 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंना धातूची झाकणे आणि '२आरएस' म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी झाकणे. धूळ आणि दमटपणा असलेल्या उघड्या जागेत रबरी झाकणे जास्त टिकतात. धातूची झाकणे असलेले बेअरिंग किंचित मोकळे फिरते.

जाहिरातींत ठळकपणे दिसणारे 'एबेक' हे बेअरिंगच्या घडणीतील अचूकतेचे मानांकन आहे. त्यात १, ३, ५, ७ आणि ९ अशा श्रेणी येतात. उडी, आडवे थांबणे आणि आदळणे यांमुळे बेअरिंगवर पडणाऱ्या बाजूच्या ताणाचा ते विचार करत नाही. हॉकीत स्वच्छ आणि तेल दिलेले एबेक ५ चे बेअरिंग धूळ भरलेल्या एबेक ९ पेक्षा केव्हाही सरस ठरते. दुकानात चाक हाताने फिरवून ते किती वेळ फिरते हे पाहण्याची पद्धतही फसवी आहे. ग्रीस भरलेले नवे बेअरिंग हातात लवकर थांबते, खेळाडूच्या वजनाखाली मात्र उत्तम चालते.

मापाची निवड

चुकीच्या मापाचा बूट ही स्केटमधील इतर सर्व गुण निष्फळ करणारी गोष्ट आहे. पाय बुटात सरकत असेल तर झुकण्याची क्रिया चाकांपर्यंत पोहोचण्याआधीच हरवते, घोटा आत कलतो आणि खेळाडू तो तोल राखण्यासाठी नाडी अधिक आवळतो; मग पावलाचा रक्तपुरवठा अडून पाय बधिर होतो. मुलाच्या वाढत्या पायाचा विचार करून दोन मापे मोठा स्केट घेणे व पुढे कापूस किंवा जाड मोजे भरणे ही मध्यमवर्गीय घरांतील समजण्याजोगी काटकसर आहे. शाळेच्या बुटांत ती खपून जाते. स्केटमध्ये मात्र तिची किंमत घोट्याला मोजावी लागते.

माप संध्याकाळी, दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित पसरल्यावर घ्यावे. कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहून टाचेच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचे माप धरावे. भारतात रूढ असलेल्या ब्रिटिश मापाच्या दोन लगतच्या आकड्यांत सुमारे साडेआठ मिलिमीटरचा, तर युरोपीय मापात सुमारे साडेसहा मिलिमीटरचा फरक असतो. त्यामुळे नेहमीच्या बुटाचा आकडा सांगून परदेशी स्केट मागवणे हा जुगार आहे. इनलाइन हॉकीचे स्केट तर आइस हॉकीच्या प्रथेनुसार नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड माप लहान घ्यावे लागतात. कंपनीच्या तक्त्यातील मिलिमीटरचा स्तंभ हाच विश्वासाचा.

बूट घातल्यावर सरळ उभे राहिले असता बोटे पुढच्या टोपीला हलकेच टेकावीत आणि गुडघे वाकवताच ती मागे सुटावीत. टाच जागेवरून उचलली जाऊ नये. गुडघे वाकवलेल्या स्थितीत टाच आणि बूट यांच्यामध्ये करंगळीहून अधिक काही जात असेल तर बूट मोठा आहे. वाढत्या वयाच्या मुलासाठी अर्ध्या मापाची, म्हणजे जवळपास चार-पाच मिलिमीटरची सूट क्षम्य मानली जाते. पाऊल रुंद असेल तर लांब माप घेऊन रुंदी साधण्याचा मोह टाळावा. अनेक हॉकी बूट रुंदीच्या वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि काही इनलाइन बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. मोजे पातळ असावेत.

गोलरक्षक

रिंक हॉकीचा गोलरक्षक १७० सेंटिमीटर रुंद आणि १०५ सेंटिमीटर उंच गोलसमोर बहुतेक वेळ खाली बसलेल्या अवस्थेत, टो-स्टॉपचा आधार घेऊन खेळतो. त्याला वेगापेक्षा स्थिरता आणि एका बाजूकडून दुसरीकडे झटकन सरकणे महत्त्वाचे असते. त्यामुळे त्याचा टो-स्टॉप रुंद व घट्ट बसवलेला, कुशन कडक आणि बुटाचे टोक अधिक भक्कम असते. नव्या संघांत उरलेल्या स्केटवर गोलरक्षकाला उभे करण्याची पद्धत दिसते, ती योग्य नव्हे.

महाराष्ट्रातील खेळाडूची परिस्थिती

शालेय खेळाडूची वाट महानगरपालिका किंवा जिल्हा पातळीवरून विभाग आणि राज्य पातळीकडे जाते. संघटनांच्या स्पर्धा त्याला समांतर चालतात. ठाणे जिल्हा क्रीडा खात्याच्या मुंबई विभागात येतो. या स्पर्धांतील यशावर दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडागुणांची सवलत आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण अवलंबून असू शकते. स्केटच्या निवडीला घरातील गंभीर निर्णयाचे रूप येते ते यामुळे. क्वाडवर तयारी केलेल्या मुलाला ऐनवेळी इनलाइन संघात जागा आहे म्हणून तिकडे वळवले, तर त्याची वर्षभराची सवय आणि घरचा खर्च दोन्ही वाया जातात. आपल्या शाळेचा किंवा मंडळाचा संघ कोणत्या प्रकारात उतरतो हे खरेदीपूर्वी प्रशिक्षकाकडून निश्चित करून घेणे हाच त्यावरील उपाय आहे.

ठाणे-डोंबिवली पट्ट्यातील बहुतेक मुले स्केटिंग शिकतात ती गृहसंकुलांच्या आवारात, पोडियमवर, शाळांच्या पटांगणात किंवा पहाटे वाहतूक नसलेल्या रस्त्यावर. कठड्याने वेढलेली पूर्ण आकाराची रिंक त्यांना बहुधा स्पर्धेच्या दिवशीच भेटते. चंदीगडच्या सेक्टर १० मधील रिंकसारख्या सोयीवर वाढलेल्या खेळाडूशी तुलना करताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. कठड्याजवळ स्केट कसा वागतो, चेंडू कोपऱ्यातून परतताना किती वेगाने वळावे लागते, हे मोकळ्या आवारात उमगत नाही. याशिवाय स्टिक, पॅड आणि स्केटची पिशवी घेऊन गर्दीच्या वेळी लोकलने प्रवास करावा लागतो, तेव्हा स्केटचे वजन हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही.

हॉकीचे खास स्केट भारतातील सर्वसाधारण क्रीडासाहित्याच्या दुकानांत क्वचितच मिळतात. मुंबईत धोबी तलाव परिसरातील दुकाने ही पारंपरिक बाजारपेठ असली, तरी तेथेही शिकाऊ आणि वेगाचे स्केटच अधिक दिसतात. रिंक हॉकीसाठी इटलीच्या रोल-लाइन किंवा स्पेनच्या रेनो यांसारख्या आणि इनलाइन हॉकीसाठी बॉअर किंवा मिशन यांसारख्या कंपन्यांचे साहित्य जगभर वापरले जाते. आयात केल्यावर त्याची किंमत देशी स्केटच्या कितीतरी पट होते. त्यामुळे बूट देशी, प्लेट आयात केलेली आणि चाके वेगळी अशी जुळणी करून घेण्याचा मार्गही उपलब्ध आहे. क्वाडमध्ये तो सहज शक्य होतो, कारण प्लेट बुटाला स्क्रूने किंवा रिव्हेटने जोडलेली असते. मुलाचा पाय वाढला की बूट बदलून, प्लेट अजून पुरेशी लांब असेल तर तीच पुढे वापरता येते.

वापरलेले स्केट

मोठ्या खेळाडूंनी वापरलेले स्केट लहान खेळाडूंकडे जाणे ही या खेळातील रीतच आहे आणि किमती पाहता ती योग्यही आहे. असे स्केट घेताना चाकांची झीज ही गौण बाब मानावी. चाके बदलता येतात. पाहायचे ते किंगपिनजवळ प्लेटला तडा आहे का, अक्ष वाकलेला आहे का, प्लेटचे स्क्रू किंवा रिव्हेट ढिले होऊन तळवा फाटू लागला आहे का आणि घोट्याजवळचे कातडे मऊ पडून बूट एका बाजूला लवंडतो का. यांपैकी शेवटचा दोष दुरुस्त होत नाही. बूट टेबलावर रिकामा ठेवून मागून पाहिला की तो लगेच दिसतो.

देखभाल

चाकांची अदलाबदल ठरावीक काळाने करावी लागते. क्वाडमध्ये आतील बाजूची चाके लवकर झिजतात म्हणून ती बाहेरच्या बाजूला घेतात. इनलाइनमध्ये चाकाचे तोंड फिरवून पुढची-मागची जागाही बदलतात. चाकाची नट पूर्ण आवळल्यावर चाक अडकत असेल तर किंचित सैल करावी, मात्र हाताने हलवल्यास चाक खटखटता कामा नये.

कोकण किनारपट्टीच्या हवामानात बेअरिंगचा खरा शत्रू गंज आहे. जून ते सप्टेंबर या काळात ओल्या जागेवर एकदा जरी सराव झाला, तरी चाके त्याच दिवशी काढून बेअरिंग कोरड्या कापडाने पुसावीत व तेलाचा एक-दोन थेंब द्यावा. बेअरिंग पाण्याने धुऊ नयेत. झाकण काढता येणारी बेअरिंग विरघळक द्रवाने स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, मगच पुन्हा तेल किंवा ग्रीस भरावे. धुळीच्या जागी ग्रीस अधिक काळ टिकते, गुळगुळीत रिंकवर तेलाने चाक हलके पळते. सरावानंतर स्केट बंद पिशवीत तसेच ठेवले तर बुटाच्या अस्तराला बुरशी येते आणि धातूच्या भागांवर गंज चढतो. नाडी सैल करून, जीभ बाहेर ओढून बूट पंख्याखाली वाळवावा. कडक उन्हात ठेवल्यास कातडे ताठरते आणि तळव्याचा चिकटवलेला भाग सुटू लागतो.